पुढचे चित्र कोण सरकवतो?

वेल्हे तालुक्यात (सरकारदरबारी आता राजगड तालुका) धरणाच्या पाण्यामुळे वर डोंगराकडे सरकलेले एक गाव आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. काही वर्षांपूर्वी जत्रेच्या आदल्या रात्री तिथल्या मंदिराच्या सभामंडपात मी जुन्या गावाचे फोटो दाखवले. गावात पूर्वी असलेल्या एका गुरुजींनी आग्फा क्लिक-३ या साध्या कॅमेऱ्याने ते काढले होते. त्या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच चौकोनी फोटो निघत. गुरुजींच्या घरच्यांनी पत्र्याच्या डब्यात जपलेल्या प्रिंट माझ्याकडे आल्या. त्या स्कॅन केल्या, तेव्हा चौसष्ट फोटो बरे निघाले.

भोरमध्ये माझा पंचवीसेक वर्षे फोटो स्टुडिओ होता. लग्नाच्या पार्टीला फोटो कसे दाखवायचे हे मला चांगले ठाऊक होते. संगणकावरच्या स्लाइड-शोच्या सॉफ्टवेअरमध्ये चौसष्ट फोटो टाकले, प्रत्येकाला चार सेकंद दिले, मध्ये पान उलटल्यासारखे आणि धुके विरल्यासारखे बदल ठेवले आणि मागे बासरी लावली. भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि बटण दाबले. सातव्या की आठव्या फोटोला मागून एक आजी ओरडल्या, "आरं थांबीव की! त्यो आमचा वट्टा हाय." तोवर वट्टा विरून त्या जागी शाळेची पोरे आली होती. मग सगळीकडूनच "थांबवा, मागं घ्या" सुरू झाले. सॉफ्टवेअरने सगळ्याची मिळून एक व्हिडिओ फाइल केली होती. मागे घेतले की ती भलतीकडेच जाई आणि बासरी तुटे. सव्वाचार मिनिटांत जुने गाव दुसऱ्यांदा बुडाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चहा दिला, पण कोणी काही बोलले नाही.

इतिहासाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. जे वाचले ते दुकानाच्या गल्ल्यावर बसून. त्या रात्रीनंतर मात्र एक प्रश्न धरून वाचत गेलो. माणसांना चित्रे ओळीने दाखवण्याची साधने बदलत गेली, तेव्हा नेमके काय बदलले? 'फोटो दाखवायला कोणते सॉफ्टवेअर चांगले?' असे आजही नवे फोटोग्राफर मला विचारतात. हा प्रश्न वाटतो तेवढा नवा नाही, आणि निव्वळ तांत्रिकही नाही.

कंदील आणि आवाज

पडद्यावर चित्र टाकणारा जादूचा कंदील डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने १६५९ च्या सुमारास केला. आत दिवा, पुढे भिंग आणि मध्ये काचेवर रंगवलेले चित्र. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे त्यातून हाताने काढलेली चित्रेच दाखवली जात. फिलाडेल्फियाच्या लँगनहाइम बंधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला काचेवरचे छायाचित्र कंदिलासाठी तयार केले, आणि एका खोलीतल्या शेकडो लोकांना एकच फोटो एकाच वेळी पाहता येऊ लागला. फोटो हातात धरून पाहायची वस्तू होता, तो आता प्रयोग झाला.

मराठी मुलखात या साधनाचे सर्वांत मोठे नाव कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांचे. १८९२ च्या सुमारास त्यांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने कंदिलाचे प्रयोग सुरू केले. शांबरी म्हणजे मायावी विद्या, जादू. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेले रामायण-महाभारतातले प्रसंग पडद्यावर येत. एकाहून अधिक कंदील वापरून आणि पट्ट्या सरकवून चित्रात हालचाल झाल्याचा भास निर्माण केला जाई. सोबत निवेदन, संवाद आणि गाणी असत. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे ७ जुलै १८९६ रोजी दाखवली गेली. त्याआधीच काही वर्षे पटवर्धनांचे प्रेक्षक पडद्यावरची कथा पाहत होते.

फोटोग्राफर म्हणून मला यातली कामाची वाटणी महत्त्वाची वाटते. कंदिलापाशी एक हात असे आणि पडद्यापाशी एक आवाज. प्रेक्षक एखाद्या प्रसंगात रमले की बोलणारा लांबवी, आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत हात पट्टी सरकवत नसे. चित्राला किती वेळ द्यायचा हे त्या रात्री, त्या गर्दीसमोर ठरे. पटवर्धनांच्या काचा त्यांच्या घराण्याने जपल्या, म्हणून त्यांची कला आज पाहता येते. पण पहिल्या प्रयोगांतला आवाज काचेवर उमटलेला नव्हता. चित्र मागे राहते आणि बोलणे जाते, हा या माध्यमाचा पहिला धडा.

ज्याचा क्रम, त्याची गोष्ट

दुसरा धडा लंडनमधून मिळतो. ब्रिटिश वसाहत खात्याने १९०२ मध्ये चित्रांद्वारे शिक्षण देण्यासाठी एक समिती नेमली. साम्राज्यातल्या शाळांमध्ये कंदिलाच्या काचा आणि छापील व्याख्याने पुरवायची, अशी योजना होती. ह्यू फिशर या चित्रकाराला कॅमेरा देऊन १९०७ पासून साम्राज्यभर फिरायला पाठवले. भूगोलतज्ज्ञ हॅल्फर्ड मॅकिंडर यांनी हिंदुस्थानवर लिहिलेली आठ व्याख्याने १९१० मध्ये पुस्तकरूपाने आली. कोणत्या वाक्याला कोणती काच दाखवायची, हे त्यात ठरवून दिलेले होते.

पटवर्धनांच्या खेळात बोलणारा माणूस समोर उभा असे. इथे बोलणे आधीच लिहिले गेले, आणि शाळेतल्या मास्तरांनी ते वाचायचे. फोटो खरे होते, पण त्यांचा क्रम आणि मजकूर दूरच्या एका कचेरीत ठरत होता. चित्रातल्या माणसाला मध्येच उठून 'थांबा, हा वट्टा माझा' असे म्हणायची सोय त्यात नव्हती. मॅकिंडरांची व्याख्याने आणि माझी चार-चार सेकंदे यांत मला नाते दिसते ते इथे. दोन्हीकडे चित्र पाहणाऱ्याच्या हाती देण्याआधीच गोष्ट बंद करून टाकलेली होती.

पार्टीला दाखवणे

यावर माझे फोटोग्राफर मित्र म्हणतील की शाळा वेगळी आणि गिऱ्हाईक वेगळे. बरोबर आहे. गिऱ्हाइकाला चित्र दाखवण्यामागे काही तरी मागायचे असते. कधी पैसे, कधी होकार. मराठीतले त्याचे सर्वांत नामांकित उदाहरण दादासाहेब फाळक्यांचे. फाळके मुळात फोटोग्राफीच्या आणि छपाईच्या धंद्यातले. १९१२ मध्ये इंग्लंडहून कॅमेरा आणल्यावर कथापटाला भांडवल उभे करणे हा मोठा प्रश्न होता. त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याच्या वाढीची चित्रे रोज थोडी थोडी घेतली. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. 'अंकुराची वाढ' हा तो छोटा पट पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी त्यांना कर्ज देण्याची तयारी दाखवली, आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला.

फाळक्यांनी वेळ आवळला, आणि तो आवळणे हेच तिथे प्रयोजन होते. अंकुर डोळ्यांदेखत वाढतो हेच दाखवायचे होते. म्हणजे यंत्राने वेग ठरवणे हा काही मुळात दोष नव्हे. आपण कोणाला काय दाखवतो आहोत, हे न विचारता यंत्राच्या वेगावर सोपवणे हा दोष. लग्नाच्या अल्बमसाठी फोटोंचे सिलेक्शन करायला आलेली पार्टी आणि बुडालेले घर शोधणारी आजी, या दोघींना एकच साधन चालणार नाही.

ऐंशी खणांचे चाक

कोडॅक कंपनीचा कॅरूसेल प्रोजेक्टर १९६१ साली बाजारात आला. पुणे जिल्ह्याला ते वर्ष वेगळ्या कारणाने लक्षात आहे. १२ जुलै १९६१ रोजी वेल्ह्यातले पानशेत धरण फुटले आणि पुण्यात पूर आला. कॅरूसेलचे गोल चाक ऐंशी खणांचे. प्रत्येक खणात पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीतली पारदर्शिका उलटी, डोके खाली करून घालायची. वायरच्या टोकाला पुढे आणि मागे अशी बटणे असत. एक पारदर्शिका खाली पडून दुसरी येताना होणारा खट्ट आवाज आमच्या पिढीतल्या भटक्यांच्या कानात अजून आहे. पुण्याच्या सभागृहांत किल्ल्यांचे, हिमालयाचे स्लाइड-शो होत तेव्हा बोलणारा माणूस हातात बटण घेऊन पडद्याशेजारी उभा राही. राजगडाच्या सुवेळा माचीवर त्याला आणखी बोलायचे असेल, तर नेढे पडद्यावर तसेच थांबे.

कॅरूसेलचा हा गुण आम्ही फोटोग्राफर विसरलो. त्यातले बटण माणसाच्या अंगठ्याखाली होते, मागेही जाता येत होते, आणि चाकातली प्रत्येक पारदर्शिका सुटी होती. प्रोजेक्टर बिघडला तरी पारदर्शिका उजेडासमोर धरून पाहता येई. कोडॅकने २००४ मध्ये स्लाइड प्रोजेक्टरचे उत्पादन थांबवले. पारदर्शिका मात्र आजही दिसतात.

सॉफ्टवेअर आले तेव्हा

पॉवरपॉइंट १९८७ मध्ये फोरथॉट या कंपनीने मॅकिंटॉश संगणकासाठी काढले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. ते बैठकांसाठी होते. लग्नाच्या फोटोग्राफरांसाठी पुढे वेगळी सॉफ्टवेअर आली. टेक्सासमधल्या फोटोडेक्स कंपनीचे प्रोशो त्यांतले बहुधा सर्वांत परिचित. फोटो टाका, गाणे टाका, तयार स्टाइल लावा आणि डीव्हीडी जाळा. भोर काय किंवा पुणे काय, करिज्मा अल्बमबरोबर अशी डीव्हीडी देणे ही रीतच पडली. मी शेकडो दिल्या. गाण्याचे कडवे संपेल तिथे नवरीचा फोटो येईल असे बसवण्यात मला अभिमान वाटे. लग्नात ते शोभतेही. पाहणाऱ्यांना सगळी माणसे माहीत असतात, त्यामुळे कोणी सांगायची गरज नसते.

पण या सॉफ्टवेअरमध्ये दोन गोष्टी एकदम घडल्या. वेग यंत्राकडे गेला आणि बोलणाऱ्याच्या जागी गाणे आले. शिवाय फोटोंचा क्रम, त्याखालचा मजकूर, कोणता भाग जवळून दाखवायचा हे सगळे त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फाइलमध्ये राहू लागले. ती फाइल दुसऱ्या कशात उघडत नाही. फोटोडेक्स कंपनी २०२० च्या जानेवारीअखेर बंद झाली. फ्लॅश या तंत्रावर चालणारे स्लाइड-शो एके काळी संकेतस्थळांवर सर्रास असत. त्या तंत्राचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबला. यात कोणाचे कपट नाही. कंपन्या उघडतात आणि बंद होतात, जशा स्टुडिओच्या डार्करूमही बंद झाल्या. पण कॅरूसेल बिघडल्यावर पारदर्शिका हातात उरत होती, तसा इथे फोटो उरला तरी क्रम आणि शब्द उरतीलच असे नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. जत्रेआधी आणखी एका कामासाठी मी दीडेकशे जुन्या फोटोंखाली नावे टाइप केली होती, युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फाँटमध्ये. तो फाँट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली तेव्हा नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसला. ज्या दोन वृद्धांनी ती नावे सांगितली होती त्यांतले एक तोवर गेले होते. जुना संगणक शोधून बरीच नावे परत मिळवली, पण सगळी नाही. दुसरी चूक त्याहून साधी होती. फोटो तारखेनुसार लावा म्हटले की सॉफ्टवेअर फाइलमधली तारीख पाहते. स्कॅन केलेल्या फोटोला तारीख स्कॅनची असते. गुरुजींचा सर्वांत जुना फोटो मी शेवटी स्कॅन केला, म्हणून तो शेवटी आला. वस्ती उठल्यानंतरच्या फोटोंमागून वस्तीतला पोळा दिसला.

मग निवडायचे काय?

माझे उत्तर आता तीन प्रश्नांचे आहे. पहिला, पुढचे चित्र कोण सरकवतो? पाहणाऱ्यांना बोलायचे असेल, तर आपोआप पुढे जाणे बंद करता आले पाहिजे आणि एका कळीवर मागे जाता आले पाहिजे. दुसरा, दोन चित्रे शेजारी ठेवता येतात का? विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनला कलेतिहास शिकवणारे हाइनरिख व्योल्फलिन दोन कंदिलांनी दोन चित्रे शेजारी टाकत, कारण तुलना केल्यावर दिसते ते एकेकट्या चित्रात दिसत नाही. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, हे सॉफ्टवेअर उद्या बंद पडले तर माझ्या हातात काय उरेल?

तिसऱ्याचे उत्तर फुकट आहे. फोटोंच्या फाइलला ००१, ००२ असे क्रमांक द्यावेत, म्हणजे क्रम नावातच राहतो. ओळख युनिकोड मराठीत लिहावी, एकदा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आणि एकदा फोटोच्या फाइलच्या पोटात. वृत्तसंस्थांनी ठरवलेल्या आयपीटीसी मानकात मजकुरासाठी जागा असते आणि अनेक साधी सॉफ्टवेअर ती वाचतात. लोक बोलतात ते फोनवर ध्वनिमुद्रित करावे आणि त्या फाइललाही फोटोचाच क्रमांक द्यावा. एवढे केले की वर कोणतेही सॉफ्टवेअर चालते, महागडे किंवा फुकटचे. पार्टीला गाण्याचा व्हिडिओ हवा असेल तर तो यातूनच करून द्यावा, पण मूळ संच त्यात अडकवू नये.

आमच्या भागाला याची निकड जास्त आहे. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी अशा धरणांची तळी या दोन तालुक्यांत पसरली आहेत. भाटघरच्या पाण्यातले कांबरेश्वराचे मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडे पडते आणि लोक ते पाहायला जातात. घरे, वट्टे, चावड्या मात्र तशा वर येत नाहीत. राजगड जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. त्याच्या फोटोंना आता तोटा नाही. त्याच्या पायथ्याच्या बुडालेल्या वस्त्यांचे फोटो मात्र डब्यांत आहेत, आणि ते ओळखणारी माणसे ऐंशीच्या पुढची आहेत.

दुसरी रात्र

पुढच्या वर्षी जत्रेला मी त्याच गावात पुन्हा गेलो. या वेळी बासरी नव्हती. फोल्डरमधले फोटो, बाणाची कळ आणि टेबलावर ध्वनिमुद्रणाला लावलेला फोन. कळ दाबायला त्याच आजींच्या नातवाला बसवले आणि सांगितले, "आजी म्हणतील तेव्हाच पुढं."

चौसष्ट फोटोंना तीन तासांच्या वर लागले. वट्ट्याच्या फोटोवरच वीस मिनिटे गेली. वट्टा कोणाचा यावर दोन घरांचा वाद झाला आणि तो मिटला नाही. मी दोन्ही म्हणणी लिहून घेतली. एका फोटोत नुसती शेते होती आणि मागे डोंगराची धार. शेजारी मी सकाळी धरणाच्या काठावरून काढलेला फोटो ठेवला. दोन्हींत राजगडाच्या बालेकिल्ल्याची तीच टोपी होती. एक म्हातारे उठून चादरीपाशी गेले, धारेवरून बोट खाली आणत पाण्यात एके ठिकाणी टेकवले आणि म्हणाले, "हितं इहीर व्हती." चादर हलली तसे पाणीही हलले.

एक्केचाळीसाव्या फोटोत डोक्यावर पदर घेतलेली एक तरुण बाई दाराच्या चौकटीत उभी आहे. ती कोण, हे कोणालाच सांगता आले नाही. नातवाने तीनदा आजींकडे पाहिले. आजी बराच वेळ पाहत राहिल्या, मग मान हलवून "जा म्होरं" म्हणाल्या. माझ्या यादीत त्या क्रमांकापुढची जागा मी रिकामी ठेवली आहे. दर जत्रेला तो फोटो पुन्हा लावतो आणि पोरगा तिथे थोडा जास्त थांबतो.